बाळंतपणानंतरची लघवी : एका न बोललेल्या दुखण्याचा इतिहास

बुऱ्हाणपूरला १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. पुढे तिच्यासाठी आग्र्याला ताजमहाल उभा राहिला आणि चौथीतल्या मुलालाही तिचे नाव पाठ झाले. बाळंतपणात मेलेली बाई मलिका असेल तर इतिहास तिची आठवण ठेवतो. बाळंतपणातून जी उठली, जगली, पण त्या दिवसापासून जिची लघवी तिच्या ताब्यात राहिली नाही, तिच्याबद्दल इतिहासात काय सापडते? मी गेली काही वर्षे हे शोधत आहे. पेशाने भाषेची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे माझा शोध शब्दांपासून सुरू झाला.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण दोन वेगळी दुखणी नेहमी एकत्र धरली जातात. पहिल्यात बाई खोकली, शिंकली, हसली, बादली उचलली की थोडी लघवी निसटते. बाळंतपणात ताणलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल राहिल्याने हे होते आणि हे फार बायकांना होते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तीन बायकांपैकी एकीला कमीअधिक प्रमाणात हा त्रास असतो. दुसरे दुखणे भयंकर आहे. बाळ अडते, कळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात, बाळाचे डोके आईच्या हाडावर मूत्राशयाला दाबून ठेवते. दाबलेल्या जागेचा रक्तपुरवठा थांबतो, तिथले मांस मरते, काही दिवसांनी गळून पडते आणि मूत्राशय व योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडते. मग लघवी दिवसरात्र झिरपत राहते. बाळ बहुधा आधीच गेलेले असते.

या भोकाला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. अरबीत त्यालाच नासूर म्हणतात. तोच शब्द उर्दूत आला तेव्हा त्याचा अर्थ झाला न भरणारी जखम, आणि शायरांनी तो दिलाच्या दुखण्याला वाहून टाकला. वर्गात हा शब्द शिकवताना मी मुलांना वाहती जखम एवढेच सांगते. तो खऱ्या अर्थाने कोणाच्या शरीराला लागू पडत होता ते पुस्तकात छापलेले नसते.

सर्वांत जुना पुरावा इजिप्तचा आहे. हेनहेनित नावाची एक स्त्री, राजा मेंतुहोतेप दुसरा याच्या दरबारातली, ख्रिस्तपूर्व दोन हजारच्या आसपासची. तिची ममी देर अल-बहरी इथे सापडली. कैरोच्या वैद्यकीय शाळेत शरीररचना शिकवणारे डग्लस डेरी यांनी ती तपासली आणि १९३५ मध्ये लिहिले की हिचे कटीचे हाड अरुंद होते आणि मूत्राशय व योनी यांच्यामध्ये मोठे भोक होते. राजघराण्यातली बाई, म्हणून देह टिकला. चार हजार वर्षांनी कोणीतरी तिला तपासले तेव्हा तिचे दुखणे कळले.

त्यानंतर महत्त्वाचे नाव इब्न सीनाचे. आपल्याकडे हे नाव घेताना छाती फुगवायची सवय आहे, म्हणून त्याने नेमके काय लिहिले ते नीट पाहावे. अकराव्या शतकातल्या 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथात तो सांगतो की ज्या मुलींची लग्ने फार लवकर झाली आहेत, किंवा ज्यांचे मूत्राशय कमजोर आहे, त्यांना गर्भ राहू नये यासाठीचे उपाय हकीमाने शिकवावेत. नाहीतर बाळाच्या आकाराने मूत्राशय फाटते, लघवी वाहू लागते आणि मरेपर्यंत तशीच राहते. म्हणजे त्याने कारण ओळखले, बचाव सांगितला आणि इलाज नाही हेही सांगून टाकले. मला यातली बचावाची ओळ मोठी वाटते. कोवळ्या वयातले लग्न आणि फाटलेले मूत्राशय यांचा संबंध हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच हकीमाने लावला होता, आणि १९२९ मध्ये शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले तेव्हा हिंदू काय आणि मुसलमान काय, मजहबच्या नावाने विरोध करणारे दोन्हीकडे होते. इब्न सीनाचे नाव शाळेला देणे सोपे, त्याचा सल्ला निकाहाच्या बैठकीत सांगणे अवघड.

युरोपात १६६३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या हेन्ड्रिक फान रोनहौसेने शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. भोकाच्या कडा ताज्या करायच्या आणि हंसाच्या पिसाच्या टोकदार काड्यांनी त्या जुळवून ठेवायच्या. कल्पना बरोबर होती. पण पुढची जवळजवळ दोनशे वर्षे टाके टिकत नव्हते. रेशमाचा धागा लघवीत कुजायचा, जखम चिघळायची, भोक पुन्हा उघडायचे.

मग येते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले माँटगोमेरी शहर आणि १८४५ चे साल. इथे जरा थांबावे लागेल.

जेम्स मॅरियन सिम्स हा तिथला तरुण डॉक्टर. आसपासच्या मळ्यांवर गुलाम बायका होत्या. त्यातली ॲनार्का साधारण सतरा वर्षांची. तीन दिवस कळा देऊन तिची सुटका झाली आणि नंतर लघवी वाहू लागली. अशाच दोघी बेट्सी आणि लूसी. सिम्सने आपल्या घरामागे लहानसे इस्पितळ बांधले आणि मालकांशी करार केला. बायकांचे खाणेपिणे मी पाहतो, कपडे आणि कर तुम्ही भरा, त्या माझ्याकडे राहतील. त्या काळच्या कायद्यात गुलाम स्त्रीचे मूलही मालकाचीच मालमत्ता. दुखण्याने पडलेली बाई मळ्यावर काम करत नव्हती आणि मालमत्ता वाढवतही नव्हती. म्हणून मालकांनीही सोडल्या. सुमारे डझनभर बायका तिथे होत्या. नावे मात्र तिघींचीच उरली, तीही सिम्सने आपल्या आत्मचरित्रात लिहिली म्हणून.

पहिली शस्त्रक्रिया लूसीवर झाली. डझनभर डॉक्टर पाहायला उभे, ती गुडघे आणि कोपरांवर ओणवी, बेशुद्धीचे औषध नाही. तासभर चालले. नंतर लघवी निघून जावी म्हणून सिम्सने आत स्पंजाचा तुकडा ठेवला, त्याने विष भिनले आणि लूसी मरता मरता वाचली. ॲनार्कावर शस्त्रक्रिया किती वेळा झाली? तीस वेळा. चार वर्षांत. ईथरची बेशुद्धी १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये जाहीरपणे दाखवली गेली होती, तरी या बायकांना ती मिळाली नाही. शस्त्रक्रियेनंतर अफू दिली जायची. मध्यंतरी सिम्सचे मदतनीस डॉक्टर कंटाळून निघून गेले. मग त्याने याच बायकांना मदतनीस म्हणून तयार केले. म्हणजे ज्यांच्या शरीरावर प्रयोग चालू होता त्याच एकमेकींना धरून ठेवत होत्या, जखमा साफ करत होत्या, शस्त्रे हातात देत होत्या. १८४९ मध्ये सिम्सने रेशमाऐवजी चांदीची तार वापरली आणि ॲनार्काचे भोक तिसाव्या खेपेला भरून आले. १८५२ मध्ये त्याने पद्धत छापली, १८५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचे इस्पितळ उघडले, आणि पुढे त्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणू लागले.

सिम्स लिहितो की या बायकांनी स्वतःच शस्त्रक्रियेसाठी आग्रह धरला. असेलही. असे दुखणे असलेली बाई काय सहन करायला तयार होईल हे मी समजू शकते. पण जिला नाही म्हणायचा हक्कच नाही तिच्या होकाराला काय अर्थ, हा प्रश्न राहतो. त्या तिघींचा स्वतःचा एक शब्दही कुठे नोंदलेला नाही. सिम्सचे बाजू घेणारे आजही म्हणतात की त्या काळच्या मापाने त्याला मोजा. मला हे पटत नाही, कारण त्या काळात ॲनार्काचेही माप होतेच, फक्त ते कोणी विचारले नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला असलेला सिम्सचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवला गेला. २०२१ मध्ये माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर या कलावंत स्त्रीने ॲनार्का, बेट्सी आणि लूसी यांची मोठी शिल्पे उभी केली. धातूचे तुकडे जोडून केलेली.

आज जगात कोणत्याही स्त्रीचे मूत्राशय शिवले जाते तेव्हा त्या ज्ञानात या तिघींचा वाटा असतो. त्यांनी तो दिला असे म्हणवत नाही. त्यांच्याकडून घेतला गेला.

विसाव्या शतकात श्रीमंत देशांतून हे दुखणे जवळपास नाहीसे झाले. त्याचे मोठे कारण चांदीची तार नव्हती, वेळेवर होणारे सिझेरियन होते. अडलेले बाळ काही तासांत बाहेर काढले की मांस मरायला वेळच मिळत नाही. जिथे दवाखाना लांब, रस्ता नाही, मुलगी लहान, तिथे नासूर राहिला. कैरोच्या कस्र अल-ऐनी इस्पितळात नगीब महफूझ पाशा या कॉप्टिक ख्रिश्चन डॉक्टरांनी अशा बायकांवर आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या. जाता जाता सांगते, १९११ मध्ये एका अडलेल्या बाईची त्यांनी सुटका केली आणि बापाने कृतज्ञतेने मुलाला डॉक्टरांचे पूर्ण नाव दिले. तो मुलगा म्हणजे नोबेल मिळालेला कादंबरीकार नगीब महफूझ. मुसलमान घरात ख्रिश्चन डॉक्टरचे नाव.

१९५९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅथरीन आणि न्यूझीलंडचे रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर जोडपे तीन वर्षांच्या करारावर इथिओपियात अदिस अबाबाला गेले. सुईणींची शाळा काढायला गेले होते, पण नासूरच्या बायका दारात येऊ लागल्या आणि ते तिथलेच झाले. १९७४ मध्ये त्यांनी फक्त या दुखण्याचे इस्पितळ उभारले. वासामुळे ज्यांना बसमध्ये कोणी बसू देत नव्हते अशा बायका दिवसेंदिवस चालत तिथे पोहोचायच्या. बरी होऊन घरी निघणाऱ्या प्रत्येकीला तिथे नवा पोशाख देतात. मार्च २०२० मध्ये ९६ व्या वर्षी कॅथरीन गेल्या, तोवर साठ हजारांहून अधिक बायकांवर तिथे उपचार झाले होते.

पण या इस्पितळातली मला सर्वांत जवळची वाटणारी बाई आहे मामितू गाशे. १९६०च्या दशकात ती रोगी म्हणून आली, खेड्यातली, शाळेत न गेलेली. बरी झाल्यावर तिथेच राहिली. आधी खाटा झाडल्या, मग शस्त्रक्रियेच्या खोलीत वस्तू हातात देऊ लागली, मग टाके घालायला शिकली, आणि शेवटी स्वतः शस्त्रक्रिया करू लागली. पुढे दुसऱ्या देशांतून शिकायला आलेले डॉक्टर तिच्या शेजारी उभे राहून शिकले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने तिचा गौरव केला. बी.एड.ला आम्हाला करून शिकण्याचे सिद्धांत पाठ करायला लावले होते. त्यात हे उदाहरण असायला हवे होते.

हे झाले मोठ्या दुखण्याचे. धाकट्या दुखण्याला, म्हणजे खोकताना-शिंकताना निसटणाऱ्या लघवीला, कोणी मूर्ती उभारली नाही. त्याने बाई मरत नाही, घराबाहेरही काढली जात नाही. ती फक्त घराबाहेर पडणे कमी करते.

त्याचा इलाजही साधा निघाला, आणि तो आधी एका नर्तकीने लिहिला. मार्गारेट मॉरिस ही इंग्लंडमधली नर्तकी, जी पुढे फिजिओथेरपीही शिकली. १९३६ मध्ये मिनी रँडेल यांच्यासोबत तिचे बाळंतपणानंतरच्या व्यायामांचे पुस्तक निघाले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणे आणि सोडणे त्यात होते. बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी याच तत्त्वावर निबंध छापला आणि स्नायूची पकड मोजणारे एक साधन बनवले. नाव त्यांचे लागले. केगेल यांचे श्रेय कमी करायचे नाही. त्यांच्या साधनामुळे बाईला आपली पकड वाढताना डोळ्यांनी दिसू लागली, आणि शस्त्रक्रियेशिवाय बरे होता येते हे डॉक्टरांना पटले. तरी नृत्य जाणणाऱ्या बाईला हे आधी सुचावे यात नवल नाही.

माझे सांगायचे तर दुसऱ्या बाळंतपणानंतर मला हाच त्रास होता. चिल्ल्याचे चाळीस दिवस आमच्या घरात सगळे रीतसर झाले. शेक, पोट बांधणे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला कान झाकून झोपवणे. दूध येते का, हे दहा जणींनी विचारले. लघवी नीट होते का, हे एकीनेही नाही. रजा संपून शाळेत गेले तर खडूच्या धुळीने शिंक यायची आणि मी फळ्याला पाठ लावून उभी राहायचे. सलग चार तास, मध्ये स्वच्छतागृह म्हणावे असे काही नाही, म्हणून पाणी पिणे सोडले. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले, बाळंतपणानंतर होतेच असे. होते हे खरे. पण होतेच असे म्हटले की पुढचा प्रश्न संपतो.

सर्वांत जास्त खटकले ते जानमाजवर. सजद्यातून उठताना थेंब सुटायचा. वुजू गेले, पुन्हा वुजू, पुन्हा तेच. फजर आणि इशा राहिल्या, जोहर-असर सुटू लागल्या. मी नापाक आहे असे वाटत राहिले, आणि हे कोणाला सांगणार?

शब्द मला फिकहच्या किताबात सापडला. सलसुल-बौल. लघवी न थांबण्याचा आजार. अशा माणसाला मअजूर म्हणतात, म्हणजे ज्याच्याकडे खरा उज्र आहे असा. याचा पाया हदीसमध्ये आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की माझे रक्त थांबतच नाही, मी नमाज सोडू का? पाळीचे दिवस सोडून नमाज पढत राहा, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यावरून फुकहांनी न थांबणाऱ्या लघवीचा नियम काढला. माझे माहेर कोकणातले, शाफई. सासर घाटावरचे, हनफी. हनफी नियमाने नमाजाची एक पूर्ण वेळ जर वुजू करून फर्ज पढण्याइतकीही उसंत न देता गेली तर बाई मअजूर ठरते, आणि मग एका वेळेसाठी एक वुजू पुरते, थेंब सुटला तरी. शाफई नियमाने वेळ सुरू झाल्यावर धुऊन, कपडा बांधून, प्रत्येक फर्ज नमाजासाठी नवे वुजू करायचे. माझ्यासारखा अधूनमधून सुटणारा थेंब यात कुठे बसतो, हे जाणत्या आलिमाला विचारावे, मी फतवा देत नाही. पण न थांबणारी लघवी असलेल्या बाईला या किताबांत कुठेही घाण म्हटलेले नाही, नमाजातून बाहेर काढलेले नाही. मौलाना अश्रफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्येही मअजूरचे मसले आहेत, आणि ती किताब तर पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या रुखसतीत दिली गेली. कपाटात होतीच. फातिमांनी जो प्रश्न मशिदीच्या शहरात सर्वांत मोठ्या माणसाला विचारला तो आम्ही सख्ख्या बहिणीला विचारत नाही.

मात्र मसला कळला म्हणजे इलाज झाला असे नाही. नमाजाच्या रुकू-सजद्यांनी हा आजार आपोआप बरा होतो असे संदेश फोनवर फिरतात. मी वर्षानुवर्षे पाच वेळा पढत होते, तरी तो झालाच. जो स्नायू आवळायचा तो जाणून आवळावा लागतो. एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला ते शिकवले. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरतो तसे आत-वर ओढायचे, पोट-मांड्या ढिल्या, श्वास चालू, काही क्षण धरून पूर्ण सोडायचे. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करायचा नाही. मी प्रत्येक नमाजानंतर तसबीहच्या आधी करायचे, म्हणजे विसरत नसे. पहिला महिना काहीच फरक नाही. तिसऱ्या महिन्यात वर्गात शिंकले आणि पुढचे वाक्य बोलून गेल्यावर लक्षात आले की काही झाले नाही.

व्यायामाने सर्वांचे भागत नाही. काहींना शस्त्रक्रिया लागते, आणि तिथलाही इतिहास पाहून ठेवावा. योनीमार्गातून बसवायची जाळी एकेकाळी सोपा उपाय म्हणून पसरली. ब्रिटनमध्ये अनेक बायका वर्षानुवर्षे वेदनेची तक्रार करत राहिल्या, शेवटी २०१८ मध्ये तिचा वापर थांबवावा लागला, आणि २०२० च्या सरकारी चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटले की बायकांचे ऐकले गेले नाही. म्हणून शस्त्रक्रिया सुचवली तर काय बसवणार, का, आणि व्यायाम आधी नीट शिकवून पाहिला का, हे विचारावे. आणि खोकला-शिंक नसतानाही दिवसरात्र लघवी झिरपत असेल, विशेषतः अवघड बाळंतपणानंतर किंवा पिशवी काढल्यानंतर, तर व्यायाम करत बसू नये. ते भोक असू शकते. लवकर लक्षात आले तर लहान भोक काही आठवडे नळी ठेवूनही भरते.

यंदा शाळेत मातापालकांच्या सभेत मी प्रगतिपुस्तके वाटून झाल्यावर हा विषय दहा मिनिटे काढला. पुरुष शिक्षक बाहेर गेले होते. सुरुवातीला सगळ्या खाली बघत होत्या. सभा संपल्यावर चौघी मागे थांबल्या. त्यातल्या एक नातवाला घ्यायला आलेल्या आजी होत्या. त्यांनी विचारले, साठीतही याचा उपयोग होतो का? होतो, वेळ लागतो, आधी तपासून घ्या, मी म्हटले. त्यांनी नातवाच्या वहीचे शेवटचे पान माझ्यापुढे केले आणि म्हणाल्या, मॅडम, उर्दूत लिहून द्या, सुनेलाही वाचता येईल.